ब्रेक आपल्या हातात!

"आई, ब्रेक लागतच नाई गं!"

लेक दारात उभी. घामाघूम, चेहरा उतरलेला, चपलेची टाच घासून फाटलेली. दिवस कापसाचे. अशा दिवसांत आमच्या मानवतचा रस्ता कसा असतो, ते इथल्या बाईला सांगायला नको. पाथरीकडून परभणीकडे कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांगच. पुढची ट्रॉली थांबली म्हणून तिनं ब्रेक दाबला, तर दांडी थेट हँडलला जाऊन टेकली! पाय घासत सायकल कडेच्या मुरमात घातली, म्हणून निभावलं.

सायकल माझ्या भाच्याची. त्यानं मोटारसायकल घेतली आणि ही पुण्याहून बहिणीला पाठवून दिली. दोन्ही चाकांना चकचकीत चकत्या, 'डिस्क ब्रेक' म्हणे! गल्लीत केवढा भाव होता तिचा.

संध्याकाळी आमच्या ह्यांच्या कानावर गेलं. "उद्यापासून सायकल बंद. ऑटोनं जाईल, नाहीतर बसंल घरी."

ते 'बसंल घरी' मला फार बोचलं. दहावीनंतर माझं शिक्षण असंच सुटलं होतं. कुणी नको म्हणालं नव्हतं, फक्त जायची सोय नव्हती. मुलींच्या शाळेचं आणि सायकलीचं नातं सरकारलाही कळलंय. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. पण सायकल मिळाली तरी ती चालू कोण ठेवणार?

सकाळी सायकल घेऊन दुकानात गेले. मेस्त्री म्हणाले, "ताई, ह्याच्यात तार नाई. तार असती तं दोन मिनिटांत कसून दिली असती. हे तेलाचं काम हाय."

मग भाच्याला फोन लावला. त्याचा पहिलाच प्रश्न, "आत्या, सायकल कुणी उलटी केली होती का?"

केली होती की! आदल्या दिवशी पंक्चर काढताना, सीट आणि हँडलवर.

त्यानं समजावलं ते इतकं सोपं होतं! आपल्या जुन्या सायकलीला लोखंडी दांड्यांचे ब्रेक असायचे, नंतर तारेचे आले. ह्यात तारेच्या जागी बारीक नळी आणि नळीत तेल. दांडी दाबली की तेल पुढे ढकललं जातं आणि चाकाजवळचे दोन पॅड चकतीला चिमटा घेतात. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून जोर पोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. इंजेक्शनची नवी सिरिंज आणून आम्ही मायलेकींनी करूनच बघितलं. पाणी भरून तोंडावर बोट दाबलं, दांडा हलेना. हवा भरली, तर दांडा आत गेला! सायकल उलटी केल्यावर दांडीजवळच्या टाकीतली हवा नळीत शिरली होती. नर्सबाई सुईतून बुडबुडा का काढते, ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त कारण इथलं वेगळं, एवढंच.

सायकल सरळ उभी केली, पुढचा-मागचा ब्रेक हळूहळू वीस-वीस वेळा दाबला, दांडी रबरानं बांधून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दांडी घट्ट! आधी अंगणात, मग गल्लीत चालवून बघितली, तेव्हाच तिला रस्त्यावर सोडलं. एवढं करून दांडी मऊच राहिली किंवा नळीच्या जोडाशी तेल पाझरताना दिसलं, तर मात्र सायकल चालवायची नाही. नळीतली हवा काढणं हे जाणत्याचं काम.

माझा शहाणपणा इथेच संपला असता तर बरं! पुढच्या आठवड्यात चकती गंजू नये म्हणून मी शिलाई मशीनच्या तेलाचा फडका तिच्यावरून फिरवला. ब्रेक किंचाळायला लागला आणि पकडेना. तेल पॅडनं पिऊन टाकलं होतं. चकती स्पिरिटनं पुसली, पण पॅड नवेच टाकावे लागले. नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत. मोकळ्या जागी थोडा वेग घेऊन हळूहळू ब्रेक, असं वीसेक वेळा करावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी सायकल असेल तर एवढं लक्षात ठेवा. आधी चाकाजवळ बघा. बाहेर तार ओढलेली दिसली तर डिस्क असली तरी ब्रेक तारेचाच, तो मेस्त्री कसून देतील. चकतीला तेल नाही, बोटंही नाहीत. उतरून लगेच हात लावाल तर चटका बसेल. साखळीला तेल घालताना चकतीवर कागद धरा. चाक काढलं असेल तर दांडी दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा. पॅडचा मसाला एक मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोटारसायकलचं ब्रेक ऑइल सरसकट ह्यात ओतू देऊ नका. काही सायकलींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट. कोणतं ते बहुतेक वेळा दांडीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. चुकीचं तेल पडलं की आतले रबर फुगतात आणि अख्खा ब्रेक वाया जातो.

आता लेक रोज निघण्याआधी दोन्ही दांड्या दाबून बघते. दहा सेकंदांचं काम. परवा ती घाईत तशीच निघाली, तर ओसरीतून हेच ओरडले, "अगं, ब्रेक बघितला का?"

मी आतून ऐकलं, आणि पोळी लाटत राहिले.