पुडी

अंगाऱ्याची पुडी वेगळी, वैद्याच्या चूर्णाची वेगळी आणि मॉसची वेगळी. मॉसच्या पुडीला एक कोरा कागद पुरतो. खालची कडा दोन तृतीयांश वर आणायची, डावी-उजवी बाजू दोन-दोन बोटं मागे वळवायची आणि वर उरलेली पट्टी झाकणासारखी खाली घ्यायची. डिंक नको, टाचणी नको. आत तळहातावर मावेल एवढा हिरवा गुच्छ. झाकणावर लिहायचं ते ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो गुच्छ कशावर उगवला होता ते. लिहायचं पेन्सिलीनं. आंबोलीच्या पावसात शाईचं काय होतं ते पहिल्याच दिवशी कळतं.

'कशावर' या शब्दावर माझा इतका जोर का, तर जांभ्याच्या एकाच दगडावर माथ्याला एक जात असते, सावलीच्या बगलेत दुसरी आणि मातीला टेकलेल्या कडेशी तिसरी. आंब्याच्या खोडावरची पुन्हा वेगळी. काही चिमुकली लिव्हरवर्ट तर सदाहरित झाडांच्या जित्या पानांवरच संसार थाटतात. पुडीवर नुसतं 'महाबळेश्वर, ओली जागा' एवढंच लिहिलेलं दिसलं की मला खरोखर वाईट वाटतं. वनस्पती हाताशी आहे, पण तिचा पत्ता कायमचा हरवला.

आपल्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे, शेवाळ. तळ्यातली हिरवी तारही शेवाळ आणि पावसाळी भिंतीवरची मखमलही शेवाळ. पहिली खरं तर शैवालांतली, दुसरी मॉस. लिव्हरवर्टला मराठी वनस्पतिशास्त्रात यकृतका म्हणतात, कारण त्यातल्या काहींचा चपटा, पाळ्यापाळ्यांचा देह जुन्या लोकांना यकृतासारखा दिसला. जगात मॉसच्या सुमारे १२ हजार आणि लिव्हरवर्टच्या सुमारे ७ हजार जाती आहेत. ओल्या लेण्यांच्या काळोख्या कोपऱ्यात हिरवट-पिवळी चमक दिसली तर जवळ जाऊन पाहावं. सायथोडियम नावाचं लिव्हरवर्ट तिथं असण्याचा संभव असतो. त्याच्या अंगचा प्रकाश नसतो, बाहेरून आलेला थोडका उजेडच ते परतवतं.

पुडी उघडायची ती घरी, सूक्ष्मदर्शकाशेजारी. वाळलेला गुच्छ दोरीसारखा पिळवटलेला असतो. त्यावर गरम पाण्याचा थेंब सोडला की पानं एकेक करून सुटतात, काही क्षणांत झाड पुन्हा उभं राहतं. शंभर वर्षं जुन्या पुडीतही हे होतं, आणि कितीही वेळा पाहिलं तरी माझे डोळे तिथून हलत नाहीत. मग एकच पान सोडवायचं. बहुतेक मॉसचं पान एका पेशीइतकंच जाड असतं, मधे शीर असली तर तेवढी जाड. ती शीर टोकापर्यंत पोचते की मधेच विरते, पेशी लांबट आहेत की षटकोनी, कडेला दाते आहेत का, यावर जात ठरते. कधी मिलिमीटरभर रुंदीचं पान ब्लेडनं आडवं चिरावं लागतं. दहा चिरांतली एक साधते.

बीजाणूंची कुपी मिळाली तर भाग्यच. कुपीचं टोपण पडलं की तोंडाभोवती दातांची झालर दिसते. फ्युनारिया या मॉसमध्ये तिची दोन वर्तुळं असतात, प्रत्येकी १६ दातांची. अशा कोरड्या झालरीवर भिंगातून पाहता पाहता हलकेच श्वास सोडावा. ओलावा लागताच दात हलतात. बीजाणू कधी सोडायचे आणि कधी अडवायचे, हे ती झालर हवेच्या ओलाव्यावरून ठरवते.

वाळूनही न बिघडणं, या एका गुणावर दूर मुलखातल्या मॉसची नोंद उभी आहे. फुलझाडांसारखं दाबून ठेवण्याची यातायात नाही, अर्काची बाटली नाही. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको, तिच्यात बुरशी धरते. १९२१ची मुंबई इलाख्याची जनगणना ज्यांनी सांभाळली, ते एल. जे. सेजविक हे सनदी अधिकारी घाटमाथ्यावर फिरताना मॉसही गोळा करत. त्यांचे नमुने इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनच्या एच. एन. डिक्सन या मॉसच्या जाणकाराकडे जात. ब्रायोसेजविकिया ही प्रजाती सेजविक यांच्या नावाची. माणसं मोजणाऱ्याला दगडावरची हिरवळही नोंदवावीशी वाटली, याचं मला अप्रूप आहे. पुढे १९९८ साली ठाण्याच्या जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा-महाबळेश्वरच्या मॉसवर पुस्तक काढलं. या डोंगरांत फिरणाऱ्याला ते हाताशी हवंच.

पण पुडीची खरी परीक्षा पाहायची तर रिचर्ड स्प्रूसकडे जावं लागतं. यॉर्कशायरचा हा शाळामास्तर १८४९ साली ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला आणि १८६४पर्यंत परतला नाही. रिओ निग्रोच्या काठाकाठानं, ओरिनोकोच्या अंगानं, पुढे पेरू आणि इक्वेडोरच्या अँडीजमध्ये. बाकीचे लोक ऑर्किड आणि ताडमाड शोधत होते, याचा जीव लिव्हरवर्टवर. त्यातून खायला काही मिळत नाही, औषधही होत नाही, हे तो स्वतः मान्य करायचा. तरी त्यांच्या देखणेपणावर त्याची श्रद्धा होती. उपजीविकेसाठी त्यानं नमुने विकले, ब्रिटिश सरकारसाठी १८६०मध्ये इक्वेडोरच्या डोंगरांतून सिंकोनाच्या बिया आणि रोपं जमवली. निलगिरीतल्या सिंकोनाच्या मळ्यांशी त्याचा असा थेट धागा आहे. साठवलेला पैसा एका पेढीबरोबर बुडाला, पाठ आणि पाय कायमचे दुखावले.

मायदेशी आला तेव्हा त्याच्यापाशी आजार होता आणि पुड्या होत्या. मॉसचा भाग विल्यम मिटन या औषधविक्रेत्या जाणकारानं हाती घेऊन १८६९मध्ये प्रसिद्ध केला. लिव्हरवर्ट स्प्रूसनं स्वतःकडे ठेवली. सूक्ष्मदर्शकापुढे फार वेळ बसवत नसतानाही त्यानं ती एकेक करून पाहिली. ॲमेझॉन आणि अँडीजच्या लिव्हरवर्टवरचा त्याचा ग्रंथ १८८४-८५मध्ये आला. म्हणजे काही पुड्यांनी तीस वर्षांहून अधिक वाट पाहिली, आणि त्या वाया गेल्या नाहीत.

लिव्हरवर्टच्या बाबतीत पुडी एक गोष्ट मात्र राखू शकत नाही. बहुतेक लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे चिमुकले पिंड असतात. एका पेशीत किती, गोल की लांबट, गुळगुळीत की दाणेदार, यावरून जाती ओळखता येतात. पण वाळता वाळता ते विरून जातात. म्हणून ते ताज्या नमुन्यात, मुक्कामाच्या जागीच पाहावे लागतात, चित्र काढावं लागतं आणि ते चित्र पुडीतच घालावं लागतं. दिवसभर चढून आल्यावर कंदिलाशी बसून हे करणं सोपं नाही, पण घरी आल्यावर करू म्हटलं की ते गेलंच.

हिमालयातल्या अनेक लिव्हरवर्टना नाव-गाव मिळालं ते शिवराम कश्यप यांच्या पायपिटीतून. झेलमला १८८२मध्ये जन्मलेले कश्यप शिक्षणानं आधी वैद्यकाकडचे, पुढे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. हिमालयात आणि पश्चिम तिबेटात ते पायी फिरले. एचिसोनिएला, स्टीफेन्सोनिएला, सीवर्डिएला या प्रजाती त्यांनीच वर्णिल्या. त्यांच्या लिव्हरवर्टवरच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९चा, आर. एस. चोप्रांसह केलेला दुसरा १९३२चा. साधा दिसणारा देह हा नेहमी आरंभाचाच नसतो, गुंतागुंतीच्या देहापासून झिजत झिजतही तो साधा होतो, हा विचार त्यांनी डोंगरात गोळा केलेल्या नमुन्यांवरून मांडला.

माझ्याकडे एका डब्यात ४१ क्रमांकाची पुडी आहे. घाटातल्या कुजक्या ओंडक्यावरून सप्टेंबरात घेतलेली. पानांवरून ती दोन जातींपैकी कोणतीही ठरू शकते, कुपी त्या वेळी धरलेली नव्हती. नावाच्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. ओंडक्याची खूण लक्षात आहे, पायवाटेच्या वळणावर, करवंदीच्या जाळीमागे. नोव्हेंबरात कुप्या पिकतील तेव्हा पुन्हा तिथं जायचं आहे.