पुरवठा साखळीतील सामाजिक जबाबदारी

पुरवठा साखळीतील सामाजिक जबाबदारी म्हणजे कच्चा माल जमिनीतून निघाल्यापासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कामगार, स्थानिक रहिवासी आणि पर्यावरण यांच्यावर होणाऱ्या परिणामांचे उत्तरदायित्व उद्योगाने स्वीकारणे होय. ही जबाबदारी कारखान्याच्या आवारापुरती मर्यादित नसते. माल पुरवणारी खाण, तो वाहून नेणारा कंत्राटदार आणि वाहतुकीच्या मार्गावरील गावे यांचाही तीत समावेश होतो.

संकल्पना

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये व्यवसाय व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. हक्कांचे संरक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य, त्यांचा आदर ही उद्योगाची जबाबदारी आणि बाधितांना दाद मागण्याची सोय, असे या तत्त्वांचे तीन आधार आहेत. पुरवठादाराच्या कृतीतून झालेल्या हानीचा संबंध कंपनीच्या उत्पादनाशी येत असल्यास ती टाळण्याचा वा कमी करण्याचा प्रयत्न कंपनीनेही करावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

घुग्घुस येथील स्थिती

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाना आणि स्पंज आयर्न प्रकल्प आहेत. स्पंज आयर्न तयार करताना लोहखनिज न वितळवता कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून टाकला जातो. येथील प्रकल्पासाठी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड येथून खनिज आणले जाते. त्यामुळे घुग्घुस हे एकाच वेळी कोळसा पुरवणारे आणि लोहखनिज घेणारे गाव ठरते.

या साखळीचा भार दोन्ही टोकांना पडतो. सुरजागडची डोंगररांग माडिया गोंड समाजाच्या ठाकूरदेवाचे स्थान असून परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणकामाला विरोध नोंदवला आहे. वनहक्क कायद्याने (२००६) अशा समाजांचे वनांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. दुसऱ्या टोकाला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर औद्योगिक क्षेत्राला ८३.८८ गुण मिळाले आणि त्याची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक घर जमीन खचून गडप झाले. या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घटनेनंतर आसपासच्या कुटुंबांना इतरत्र हलवावे लागले. खाणीतून कोळसा निघणे थांबले, तरी तिची जबाबदारी संपत नाही, हे या घटनेतून दिसून येते.

कायदेशीर चौकट

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. २०१५ मध्ये खनिज कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन केले जाते. खाणपट्टाधारकांनी स्वामित्वधनाच्या प्रमाणात दिलेल्या अंशदानातून त्याचा निधी उभा राहतो. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले.

मर्यादा

सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी आणि पुरवठा साखळीतील जबाबदारी या भिन्न बाबी आहेत. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे कलम १३५ खालील खर्चात धरली जात नाहीत. त्यामुळे खनिज झाकून नेणे, धूळ रोखणे किंवा खाणीतील पोकळी वाळूने भरणे ही कामे परोपकारात मोडत नाहीत. तो उत्पादनाचाच खर्च होय. हा खर्च टाळला गेल्यास त्याचा बोजा रस्त्याकाठच्या आणि खाणीवरील वस्त्यांवर पडतो. गावात शाळा वा सभागृह बांधून दिल्याने त्याची भरपाई होत नाही. शिवाय सूचीबद्ध नसलेले लहान पुरवठादार आणि वाहतूक कंत्राटदार स्वतः असा अहवाल देण्यास बांधील नसतात. त्यांच्या कामावर देखरेख ठेवण्याचे दायित्व माल घेणाऱ्या कंपनीवर आणि परवानगी देणाऱ्या शासनावर येते.