बहिऱ्या पतंगाची शेपटी

पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळत राहिला, तर सकाळी भिंतीवर कधी कधी फिकट पोपटी रंगाचा, हाताच्या पंजाएवढा पतंग बसलेला दिसतो. अंगावर पांढरी लव, पुढच्या पंखांच्या वरच्या कडेला किरमिजी रेघ, चारही पंखांवर डोळ्यासारखे ठिपके आणि मागच्या पंखांना पीळ पडलेल्या लांब शेपट्या. हा मून मॉथ, शास्त्रीय नाव ॲक्टियास सिलीनी. हिमालयाच्या उतारांपासून सह्याद्रीपर्यंतच्या जंगलांत तो आढळतो.

नीट निरखलं, तर पुष्कळदा एखादी शेपटी अर्ध्यातच तुटलेली असते. त्यामागे बहुधा वटवाघूळ असतं.

अनेक पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि ते झटकन दिशा बदलतात. मून मॉथच्या कुळाला मात्र कानच नाहीत. त्याचा बचाव शेपटीवर अवलंबून असतो. उडताना शेपट्यांची टोकं गरगरतात. त्यांच्यावर आदळून परतणारा प्रतिध्वनी वटवाघळाला चकवतो आणि त्याचा हल्ला धडाऐवजी शेपटीवर होतो. मून मॉथचा अमेरिकी भाऊबंद असलेल्या ल्यूना मॉथवर तिथल्या शास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेपट्या कापलेल्या पतंगांपैकी सुमारे ८० टक्के वटवाघळांच्या तावडीत सापडले. शेपट्या शाबूत असलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश.

एवढा खटाटोप कशासाठी? फार तर आठवडाभराच्या आयुष्यासाठी. प्रौढ मून मॉथला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना सह्याद्रीत मोईची, हिमालयात अक्रोडाची पानं खाऊन साठवलेल्या शिदोरीवरच त्याला दिवस काढायचे असतात. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर पिसासारख्या मिशांनी तो हुंगत दुरून येतो. मीलन झालं, अंडी घातली की संपलं.

म्हणूनच दिव्याभोवती वाया गेलेली एक रात्र त्याला फार महाग पडते. वटवाघळाला शेपटी दाखवून चकवता येतं, विजेच्या दिव्याला नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर मुक्कामी असाल, तर झोपण्यापूर्वी बाहेरचे दिवे आठवणीने बंद करा.