नाव विक्रांतच, जहाज दुसरं

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली आणि तेव्हापासून एक विधान फार ठामपणे कानावर पडतं : जुन्या विक्रांतचीच डागडुजी करून ही उभी केली. कुणी जरा जपून बोललं, तर ‘निदान पोलाद तरी तिचंच’ असं सांगतं. दोन्ही खोटं आहे, आणि हे कळायला नौदलात ओळख लागत नाही. तारखा पाहिल्या तरी पुरे. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, पुढे २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि तिथल्याच दारूखाना भागात तिचं तोडकाम सुरू झालं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. नव्या विक्रांतचं जलावतरण मात्र ऑगस्ट २०१३ मध्येच झालं होतं. म्हणजे जिच्यातून नवी बनवली म्हणतात, ती त्या दिवशी मुंबईत अखंड उभी होती! शिवाय जुनी २१३ मीटर लांब आणि जेमतेम वीस हजार टनांची. नवी २६२ मीटर लांब आणि चाळीस हजारांहून जास्त टनांची. डागडुजीनं जहाज दुप्पट होत नाही. नवीसाठीचं पोलाद डीआरडीओ आणि सेल यांनी मिळून देशातच विकसित केलं. जुनीचं थोडं पोलाद बजाजच्या २०१६ च्या ‘व्ही’ मोटरसायकलीत गेलं, युद्धनौकेत नव्हे.

यावर आक्षेप येतो : मग आर ११ हा क्रमांक आणि बोधवाक्यही तेच कसं? कारण नाव, क्रमांक आणि बोधवाक्य नौदलाच्या मालकीचं असतं, एखाद्या सांगाड्याचं नव्हे. जुनं जहाज नव्या नावानं येतं, हेही खरंच आहे. विक्रमादित्य म्हणजे रशियाची गोर्श्कोव्ह, आणि खुद्द जुनी विक्रांत म्हणजे ब्रिटिशांनी अर्धवट सोडलेली हर्क्युलिस. पण तिथे जहाज एक आणि नावं दोन. विक्रांतच्या बाबतीत नाव एक आणि जहाजं दोन. ही अदलाबदल झाली, की १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमानं धाडल्याचं श्रेय तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या जहाजाला मिळतं. परंपरेचा मान राखायचा, तर आधी पराक्रम कुणाचा ते नीट सांगायला हवं.

बुडालेल्या जहाजाचं नाव अपशकुनी म्हणून पुन्हा ठेवत नाहीत, असंही म्हणतात. पण ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या खुकरी या युद्धनौकेचं नाव १९८९ मध्ये नव्या नौकेला दिलं गेलं. एकाच नावामुळे होणारी गल्लत आणखीही एक आहे : १९४६ चा नाविकांचा उठाव ‘तलवार जहाजावर’ सुरू झाला, असं छापून येतं. पण ती तलवार मुंबईच्या किनाऱ्यावरची संदेशवहनाची प्रशिक्षण शाळा होती. तलवार नावाच्या युद्धनौका नंतर आल्या, १९५९ आणि २००३ मध्ये. तेव्हा युद्धनौकेचं नाव लिहिताना शेजारी साल लिहावं. निम्मे गैरसमज तिथेच संपतील.