विश्लेषण : पिस्तूल नेमबाज लक्ष्य धूसर का ठेवतात?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) १० मीटर एअर पिस्तूलच्या अंतिम फेरीत मनू भाकरचे रौप्यपदक अवघ्या ०.१ गुणाने हुकले आणि तिला कांस्य मिळाले. एवढा बारीक फरक पडतो कुठे?

लक्ष्यावरील १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी असतो. पिस्तूल एकाच हाताने धरायचे, त्यामुळे हात थोडा हलणारच.

पण खरी अडचण ती नाही. दोन्ही साइट्स एका रेषेत राहून पिस्तूल १ मिमी सरकले, तर छर्राही साधारण तेवढाच सरकतो. मात्र पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर? दोन्ही साइट्समध्ये ३३ सेंमी अंतर धरल्यास लक्ष्यावर ही चूक सुमारे ३० मिमी होते. म्हणजे १० ऐवजी ७ गुण!

डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. म्हणून नेमबाज पुढची साइट स्पष्ट ठेवतात, लक्ष्य धूसर दिसू देतात. ट्रिगरही हळूहळू दाबतात. झटका दिला की साइट्स हलतात.

सरावात अनेकदा लक्ष्याच्या जागी कोरा कागद लावतात. समोर वर्तुळच नसले, की नजर साइटवर टिकते.