पुनःपतनवाचक शब्द

सुटलेली सवय पुन्हा जडणे, बरा होत आलेला रोग पुन्हा उद्‌भवणे किंवा सुधारलेली स्थिती पुन्हा बिघडणे या घटना दर्शविणारे शब्द व वाक्‌संप्रदाय. या सर्वांना सामावून घेणारा एकच शब्द मराठीत रूढ नाही. रोग ‘उलटतो’, व्यसनी माणूस ‘पुन्हा घसरतो’, साधक ‘भ्रष्ट’ होतो, तर समाजाची वा संस्थेची ‘पीछेहाट’, ‘अधोगती’ किंवा ‘ऱ्हास’ होतो. प्रस्तुत नोंदीत या सर्वांसाठी ‘पुनःपतन’ ही संज्ञा योजिली आहे. हे शब्द केवळ घटना सांगत नाहीत. तिचे कारण व्यक्तीच्या स्वभावात, कृतीत की परिस्थितीत शोधावयाचे, हेही ते सुचवितात. त्यामुळे शब्दाची निवड हा बहुधा एक निवाडाच ठरतो.

लोकभाषा : ‘येरे माझ्या मागल्या’ व ‘पहिले पाढे पंचावन्न’ हे या अर्थाचे सर्वपरिचित वाक्‌संप्रदाय होत. सुधारणेचा प्रयत्न झाला. परंतु तो टिकला नाही, एवढेच ते सांगतात. ‘नव्याचे नऊ दिवस’ या म्हणीत उत्साह अल्पजीवी असल्याचा दोष दिला आहे. याउलट, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आणि नळीत घातलेल्या कुत्र्याच्या शेपटाचा दृष्टांत सुधारणेची शक्यताच नाकारतात. ‘आगीतून फुफाट्यात’ हा प्रयोग निराळा आहे. त्यात जुन्या स्थितीकडे परतणे नसून एका संकटातून सुटताना दुसऱ्यात सापडणे आहे. कर्त्याच्या स्वभावावर त्यात ठपका नाही. सूक्ष्म अर्थभेदाचे उदाहरण म्हणून ‘पूर्वपदावर येणे’ व ‘मूळ पदावर येणे’ ही जोडी लक्षणीय आहे. शब्दशः अर्थ जवळजवळ एकच असला, तरी दंगलीनंतर शहर पूर्वपदावर येते ते इष्ट मानले जाते, तर सुधारलेला माणूस मूळ पदावर येतो ते अनिष्ट.

धर्म व तत्त्वज्ञान : भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘योगभ्रष्ट’ ही संज्ञा येते. साधनेतून ढळलेला मनुष्य दोन्हीकडून नष्ट होतो काय, या अर्जुनाच्या शंकेवर श्रीकृष्णाने नकारार्थी उत्तर दिले आहे. अशा साधकाचा पूर्वीचा अभ्यास वाया जात नाही व पुढील जन्मी तो तेथूनच पुढे जातो, असा त्याचा आशय आहे. येथे पतन म्हणजे शून्यावर परतणे नव्हे.

जैन दर्शनात या विषयाची अधिक काटेकोर परिभाषा आढळते. आत्मविकासाच्या चौदा पायऱ्यांना ‘गुणस्थाने’ म्हणतात. त्यांतील दुसरे, ‘सासादन’, चढताना लागतच नाही. सम्यक्त्वापासून ढळून मिथ्यात्वाकडे जाताना अल्पकाळ लाभणारी ती केवळ उतरणीची अवस्था आहे. मोहनीय कर्माचे केवळ ‘उपशमन’ करीत चढणारा जीव ‘उपशांतमोह’ या अकराव्या गुणस्थानापर्यंत पोहोचतो. मात्र दबलेला मोह पुन्हा उदयास येत असल्याने तेथून तो खाली येतो. कर्माचा ‘क्षय’ करीत जाणारा जीव दहाव्यावरून थेट बाराव्या गुणस्थानी जातो व पुन्हा पडत नाही. दबणे आणि नष्ट होणे यांतील हा भेद पुनःपतनाच्या विवेचनात मूलभूत होय.

वैद्यक : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘पुनरावर्तक ज्वरा’चे वर्णन आहे. ज्वर गेल्यावर, बल परत येण्यापूर्वी अपथ्य केल्यास तो उलटतो, असे तेथे प्रतिपादिले आहे. आधुनिक वैद्यकात हिवतापाच्या परतण्याचे तीन प्रकार वेगळे मानतात. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीच्या सुप्त अवस्था यकृतात राहून काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सक्रिय होतात. रक्तात उरलेले परजीवी पुन्हा वाढतात. किंवा डास चावून नव्याने संसर्ग होतो. बोलीभाषेत तिन्हींना ‘ताप उलटला’ असेच म्हणत असले, तरी उपाय वेगळे असतात. पहिल्या प्रकारात यकृतातील परजीवींवर प्रिमाक्वीनसारखे औषध लागते, दुसऱ्यात रक्तातील परजीवी पूर्ण नष्ट करावे लागतात, तर तिसऱ्यात डासांचा बंदोबस्त महत्त्वाचा ठरतो.

मानसशास्त्र : इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत, अभिसंधित प्रतिक्रिया नाहीशी झाल्यासारखी दिसल्यावरही काही काळाने ती आपोआप पुन्हा प्रकट झाली. जुनी सवय पुसली जात नाही, ती दाबली जाते, या मताला यातून पुष्टी मिळाली. व्यसनमुक्तीच्या संदर्भात ॲलन मार्लॅट व ज्यूडिथ गॉर्डन यांनी १९८५ मधील ग्रंथात एखादी चूक व पूर्ण पुनःपतन यांत भेद केला. वर्ज्य केलेला पहिला पेला म्हणजे चूक. ‘आपला स्वभावच दुबळा’ असा अर्थ व्यक्तीने तिला लावला, तर अपराधभावना व निराशा वाढून पूर्ण पुनःपतनाचा संभव वाढतो. अर्थात, ‘जित्याची खोड’ हे केवळ वर्णन राहत नाही. ते पतनास हातभारही लावू शकते.

विधी : अशा शब्दांचा सर्वांत कठोर परिणाम गुन्हेविषयक कायद्यात दिसून आला. पुनःपुन्हा दोषी ठरणाऱ्यास ‘सराईत गुन्हेगार’ म्हणतात. हे वर्णन त्याच्या सिद्ध झालेल्या कृत्यांवर आधारलेले असते. तथापि, ब्रिटिश राजवटीतील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांनाच जन्मतः सवयीचे गुन्हेगार ठरविले व त्यांच्यावर नोंदणी, हजेरी आणि संचारबंदी लादली. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही ही व्यवस्था अंमलात आली. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाल्यावर या समाजांना ‘विमुक्त’ ही संज्ञा मिळाली; महाराष्ट्रातील कैकाडी, कंजारभाट इ. जमाती त्यांत मोडतात. त्यांच्यावरील कलंक मात्र कायद्याबरोबर गेला नाही. भटक्या वा ‘गुन्हेगार’ म्हणविल्या गेलेल्या जमातींच्या व्यक्तींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अवैध ठरविल्या.

यावरून ‘खोड’, ‘स्वभाव’ यांसारखे शब्द पतनाचे कारण व्यक्तीत वा कुळात कायमचे रोवतात, तर ‘उलटणे’, ‘घसरणे’ यांसारखे शब्द त्याच्या कारणांचा शोध व उपचार यांना वाव ठेवतात, असे म्हणता येईल.