गुडघेदुखीची पुडी एकदम बंद करू नका

पौर्णिमेला विहारात बीपी तपासायला बसते, तेव्हा काही चेहरे पाहूनच मला शंका येते. गाल गोल फुगलेले, पावलांवर सूज, हात-पाय मात्र काडीसारखे. "तब्येत सुधारली ना ताई?" घरचे कौतुकानं विचारतात. गुडघ्यासाठी काय घेता, असं विचारलं की पदराच्या गाठीतून पुडी निघते. आठवडी बाजारातली, नाव-गाव नसलेली, जडीबुटी म्हणून विकलेली.

कापूस वेचून, केळीचे घड वाहून धरलेली कंबर दोन दिवसांत मोकळी करणारी जडीबुटी मला तरी माहीत नाही. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखं स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. औषध वाईट नाही. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवातानं जखडलेली एक बाई कॉर्टिसोन घेऊन काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये या संशोधनाला नोबेल मिळालं. पण ते मोजून द्यायचं औषध आहे, चिमटीनं नव्हे.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवतात. बाहेरून रोज स्टेरॉइड येऊ लागलं की त्या काम सोडून झोपतात. इकडे अंगात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम घटतं, बीपी आणि साखर चढते.

पूर्वी मी सरळ सांगायची, "फेका ती पुडी." माझी ती चूक होती. महिनाभर रोज घेतलेली पुडी एकदम सुटली, तर झोपलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. गळाठा येतो, उलट्या होतात, बीपी पडतो, रक्तातलं सोडियम आणि साखरही उतरू शकते. त्यात आपला मे महिना! पारा 45च्या घरात, सगळे म्हणतात ऊन लागलं. दवाखान्यात सलाईन लागते, पण नुसत्या सलाईननं भागत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, आणि पुडीचं कुणी सांगितलंच नाही तर डॉक्टरांच्या ते लक्षात येईलच असं नाही.

म्हणून पुडी मनानं बंद करू नका, चालूही ठेवू नका. उरलेली पुडी, नाहीतर तिचा रिकामा कागद घेऊन लगेच जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. डॉक्टर मोजून गोळी देतात आणि हळूहळू कमी करतात. सोडियम, पोटॅशियम, साखर तपासायची का, हे विचारा. उलट्या, चक्कर, गुंगी असेल तर ओपीडीची वाट न पाहता अपघात विभागात न्या. डॉक्टर रागावतील म्हणून पुडी लपवू नका. रागावले तर रागावू द्या.